झाकण कोणी धरलं

१

सकाळी शटर वर केलं की आधी बॉयलर पेटवायचा, मग मागच्या अंगणातल्या दोऱ्यांवरून कालचे कपडे उतरवायचे, मग हे इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहणार आणि मी पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांशी भांडणार. लग्न झाल्यापासून आमच्या लाँड्रीत कामाची वाटणी अशीच आहे. माहेरी मी गरीब गाय म्हणून ओळखली जायची, यावर आता कोणाचा विश्वास बसत नाही. पण या घरात कोणीतरी भांडायला हवंच होतं. इथल्या पुरुषांना ते जमत नाही.

दुकान मामंजींनी काढलं आणि पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. गिऱ्हाईक म्हणालं बटण तुटलं, तर ते आपणच तोडलं. म्हणालं डाग पडला, तर तो आपणच पाडला. हो म्हणायचं, माफी मागायची, डाग काढून द्यायचा. ह्यांनी हा नियम लहानपणीच अंगात मुरवून घेतला. कोणी काहीही घेऊन आलं की मान थोडी खाली घालून म्हणायचे, "हो, आमच्याकडूनच झालं असेल." एकदा एक गृहस्थ जळका कोट घेऊन आले. ह्यांनी माफी मागून तो ठेवूनसुद्धा घेतला. मी कॉलर उलटी करून बघितली, तर आत भलत्याच लाँड्रीची खूण. गृहस्थ ओशाळून निघून गेले, आणि हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू तो कोट मीच जाळला होता.

याच एका वाक्याने आमचं घर बुडालं.

गल्लीच्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या मागच्या अंगणात जमिनीत पाण्याची टाकी आहे, वर लोखंडी झाकण. एका संध्याकाळी बाई त्या टाकीत सापडल्या. कोणीतरी त्यांचं डोकं दाबून धरलं होतं. त्या दिवशी सकाळी हे त्यांचे धुतलेले कपडे पोचवून आले होते, एवढाच काय तो ह्यांचा संबंध.

बाई दुपारी गेल्या, आणि दुपारभर हे माझ्यासमोर होते. शाळेच्या सभागृहाचा पडदा धुवायला आला होता. जाड कापडाचा, वजनाला हा एवढा. खालच्या कडेला चिखल लागला होता. अख्खा पडदा भिजवला असता तर आठवडाभर वाळला नसता, म्हणून मी स्टुलावर उभी राहून दोन्ही हातांनी तो वर उचलून धरला होता आणि हे खाली गुडघ्यांवर बसून, उजवा हात टबात घालून कड चोळत होते. माझे हात भरून आले. मी म्हटलं, "आटपा लवकर, माझ्याच्याने धरवत नाही." हे म्हणाले, "झालंच. सोडू नकोस हं." मी हे सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, वकिलांना, शेजारच्या शिंपीकाकांना. बायको काय, नवऱ्याच्या बाजूने बोलणारच, असं म्हणून सगळ्यांनी ते झटकून टाकलं.

ठाण्यात ह्यांना मारलं नाही. साहेब गोड बोलत होते, चहा पाजत होते आणि एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत होते. शेवटी ते म्हणाले, "बाईंच्या बाबतीत तुमच्याकडूनच काही झालं का?" आणि माझ्या शहाण्या नवऱ्याने मान खाली घालून उत्तर दिलं, "हो, आमच्याकडूनच झालं असेल."

गल्ली म्हणाली, स्वतः हो म्हणाला ना, मग केलंच असणार. उगाच कोण हो म्हणेल? ज्यांच्या तुटक्या बटणांना आणि जळक्या कॉलरींना हा माणूस जन्मभर हो म्हणत आला, तेच लोक हे बोलत होते.

२

हे आत गेले तेव्हा आमची मुलगी रांगत होती. परत आले तेव्हा ती नोकरीला लागून दुसऱ्या गावी राहत होती आणि बापाचा विषय निघाला की फोन ठेवत होती.

सुटले ते दोन गोष्टींमुळे. बाईंचा भाचा दुसऱ्याच कुठल्या चोरीत सापडला आणि त्याच्याकडे बाईंचं घड्याळ निघालं. मग त्याने सगळं ओकलं. दुसरी गोष्ट म्हणजे झाकण. ह्यांच्या कबुलीत लिहिलं होतं की उजव्या हाताने बाईंना दाबलं आणि डाव्या हाताने झाकण धरलं. आमच्या नव्या वकिलाने तेवढ्याच वजनाचं झाकण कोर्टात आणवलं आणि एका धिप्पाड हवालदाराला ते एका हाताने धरायला सांगितलं. त्याच्याच्याने धरवेना. ते झाकण सोडलं की पडायचंच, त्याला धरायला माणसाचे दोन हात लागायचे. हवालदाराचं तोंड बघून कोर्टातले लोक हसले. मीही हसले, किती वर्षांनी.

हे घरी आले त्या आठवड्यात गल्लीने आमच्या दुकानात कपड्यांचा ढीग लावला. स्वच्छ चादरी मळवून आणल्या असाव्यात इतका ढीग. कोणी माफी मागितली नाही. फक्त कपडे आणले आणि म्हणाले, सावकाश द्या, घाई नाही.

हे इस्त्रीला उभे राहिले. हात विसरले नव्हते. शर्टाची बाही, मग पाठ, मग कॉलर, तीच लय, तोच वाफेचा फुसकारा. मी काउंटरवरून बघत राहिले आणि मला रडू आलं. म्हटलं, चला, माणूस परत आला.

मग मला ह्यांची बाही दिसली. उजवी, कोपरापर्यंत ओली.

लाँड्रीत बाही ओली होण्यात नवल काय? इथे सगळंच ओलं असतं. मी शर्ट बदलायला दिला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवलं. हे सकाळपासून इस्त्रीच्या टेबलापासून हलले नव्हते. पाणी शिंपडायची बाटली डाव्या हाताला होती. बाही आधी मनगटाशी काळी पडली, मग पाणी सावकाश वर चढत कोपराशी येऊन थांबलं, जसा कोणी हात हळूहळू हौदात घालावा. मी घामाचं कारण शोधलं, वाफेचं कारण शोधलं. मग अर्ध्या बाह्यांचे शर्ट काढून दिले. तेव्हापासून नुसता हात ओला व्हायला लागला, आणि इस्त्रीच्या गरम पत्र्यावर थेंब पडून चुरचुरायला लागले.

शर्ट मी हुंगून बघितला होता. साबणाचा वास मी झोपेतही ओळखेन. हा साबणाचा वास नव्हता. शेवाळलेल्या, खूप दिवस झाकून ठेवलेल्या पाण्याचा वास होता.

३

गल्लीची सोय कशी झाली ते सांगते.

चौकात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. त्याच्याकडून एका गिऱ्हाइकाचं सोन्याचं घड्याळ नाहीसं झालं. संशय त्याच्या जावयावर होता आणि ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. घरातलं माणूस, बोलणार कसं? तर तो कोट न्यायला आमच्याकडे आला आणि कोट घेता घेता सहज विचारल्यासारखं ह्यांना म्हणाला, "ते घड्याळ तुम्ही तर नाही ना नेलंत? नाही, त्या दिवशी तुम्ही कपडे द्यायला आला होतात, म्हणून विचारलं."

मी काउंटरवरून ओरडले, "जिभेला काही हाड? त्या दिवशी पाय सुजला होता ह्यांचा. कपडे मी दिले तुम्हाला, तुमच्या हातात."

हे म्हणाले, "हो, माझ्याकडूनच झालं असेल." मग इस्त्री बाजूला ठेवून, डोळे अर्धवट मिटून पुढे बोलले, "पोस्टाच्या मागे सार्वजनिक नळ आहे ना, त्याच्या खड्ड्यात विटेखाली ठेवलंय."

घड्याळ तिथेच सापडलं, विटेखाली.

मी रात्रंदिवस कारणं जुळवत बसले. जावई कधीतरी बोलला असेल, ह्यांच्या कानावर पडलं असेल. एवढ्या गिऱ्हाइकांच्या तोंडाला कुठे कुलूप असतं? घड्याळवाल्याने तक्रार केली नाही. उलट हसत हसत म्हणाला, जाऊ द्या, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. जावई सुटला, सासऱ्याची अब्रू राहिली.

तिथून ये-जा सुरू झाली. कोणाच्या गाडीला पोचा आला, तो ह्यांनी पाडला. ह्यांना गाडी चालवता येत नाही, पण ब्रेक कसा उशिरा लागला आणि कठड्याचा कसा आवाज झाला हे ह्यांनी तपशीलवार सांगितलं, आणि गाडीच्या मालकाचा मुलगा शेजारी उभा राहून बुटाच्या टोकाने जमीन उकरत होता. शाळेची काच ह्यांनी फोडली. औषधवाल्याकडे चुकीची बाटली दिली गेली, ती ह्यांनी बदलली. लोक एक शर्ट घेऊन यायचे, सहज विचारायचे आणि हलके होऊन जायचे. नाकासमोर चालणारी, तोंडाने साखर पेरणारी माणसं सगळी.

मी एकदा शिंपीकाकांना भर दुकानात विचारलं, "काका, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

ते म्हणाले, "त्याला त्रास होत नाही गं. बघ ना, कसा शांत असतो."

शांत होते खरे. फक्त प्रत्येक कबुलीनंतर ह्यांच्यावर काहीतरी उरायचं. काचेनंतर बोटांवर बारीक चिरा पडल्या. औषधाच्या बाटलीनंतर आठवडाभर अंगाला कडवट वास होता. मी रोज ह्यांचे हात धुऊन पुसायचे, डाग काढायची सवयच आहे मला. पण कपड्याला डाग कुठून लागला ते कळलं तरच तो काढता येतो.

४

ठाण्यातले साहेब आले ते भर दुपारी. केस पिकले होते. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. हातात कोट होता.

"वहिनी, ओळखलंत का?"

तो माणूस माझ्या दुकानात उभा राहून मला वहिनी म्हणत होता आणि मी नुसती बघत राहिले, याचा मला अजून राग येतो.

साहेबांनी कोट काउंटरवर ठेवला. "याचं बटण गेलंय."

मागून हे म्हणाले, "आमच्याकडूनच झालं असेल."

"अहो, कोट पहिल्यांदाच आणलाय तुमच्याकडे," साहेब हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलायला लागले. भाच्याने आता नवा जबाब दिला होता. म्हणत होता, मी एकटा नव्हतो. मी बाईंना दाबलं, पण झाकण दुसऱ्याने धरलं. नाव सांगायला तयार नव्हता. "आणि बरोबरच आहे ना, वहिनी? ते झाकण एकट्याला धरता येत नाही, हे तुमच्याच वकिलाने सिद्ध केलं. मग कोणीतरी धरलंच असणार. माझं हे एवढंच राहिलंय. जायच्या आधी पूर्ण करून जावं म्हणतो."

ज्या झाकणाने नवरा सोडवला तेच आता परत उघडून हा समोर बसला होता.

"ह्यांना परत नेणार तुम्ही?"

"नेणार नाही. उद्या दुपारी येऊन जा दोघं. दोन प्रश्न आहेत." साहेब उठले. "ह्यांनी मागेसुद्धा मला सगळं सांगितलं, हे एक सोडून."

ते गेल्यावर मी वळले. हे इस्त्री करत होते आणि दंडावरून पाणी खाली टेबलावर टपकत होतं. आजवर कोपराच्या वर पाणी गेलं नव्हतं.

उद्या साहेब विचारणार, झाकण तुम्ही धरलंत का? आणि हे मान खाली घालणार. मग या वेळी कोणता वकील आणि कोणता भाचा? मला एवढंच कळत होतं की ह्यांना हो म्हणू द्यायचं नाही. दुपारभर हे माझ्यासमोर होते, पडद्याची कड धूत होते, हे जगात फक्त मला माहीत आहे. ते मी या वेळी असं सांगणार होते की साहेबांना ऐकावंच लागलं असतं.

५

संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि ह्यांना समोर बसवलं.

"उद्या काही झालं तरी नाही म्हणायचं. म्हणून दाखवा."

ह्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. लहान मुलाला कडू औषध पाजावं तसं तोंड झालं.

"साधं नाही म्हणता येत नाही? तेव्हा तरी का म्हणालात हो?"

"घरी जायला मिळावं म्हणून," हे म्हणाले. "तू दुकानात एकटी होतीस. पडदा अर्धा राहिला होता. म्हटलं, साहेबांचं समाधान झालं की सोडतील. पण मग ते विचारत गेले. पाणी कसं होतं? मी म्हटलं, गार. बाई काही बोलल्या? मी म्हटलं, गप्प होत्या. अगं, विचारलं की दिसायचं. आधी धूसर, मग चांगलं लख्ख. एकदा दिसलं की जात नाही ते. आता तर मी रोज जातो."

"कुठे?"

"बाईंच्या अंगणात. दुपारी, इस्त्री करता करता."

"तुम्ही तर इथे असता. माझ्यासमोर."

"हो, इथेही असतो."

तरी मी भांडले, मला दुसरं काही येत नाही. "बाईंना भाच्याने मारलं, त्याने सांगितलं, कोर्टाने मान्य केलं. तुम्ही तिथे नव्हतात. तुम्ही माझ्याबरोबर होतात."

"हो," हे म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मला ती नजर सहन झाली नाही.

मी विचारायला नको होतं. विचारलं. "मग तुम्हाला दिसतं, तेव्हा झाकण कोणी धरलेलं असतं?"

ह्यांनी ओला हात मांडीखाली घेतला. "मी वर बघत नाही."

"का?"

"सगळं सांगितलं मी साहेबांना. हे एक नाही सांगितलं, डाव्या हाताचं त्यांनीच लिहून टाकलं. तेव्हा सारखं विचारत होते. म्हणून मी वर बघितलंच नाही."

६

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जायच्या आधी मी बाईंच्या घरी गेले. माझा हिशेब सरळ होता. झाकण टेकवायला एखादा आकडा असेल, भिंतीला साखळी असेल, आधाराला ठेवायची काठी असेल. तसं काही दाखवता आलं की दुसऱ्या माणसाची गरजच उरत नाही, साहेबांचा प्रश्नच मिटतो. लोखंडी झाकण करणारा माणूस ते धरायची काहीतरी सोय करेलच ना.

घर बंद आहे. मागच्या अंगणाचं फाटक नुसतं लोटलेलं असतं. ऊन चांगलं होतं, शेजारी कोणाचा तरी रेडिओ चालू होता, कुठूनतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. भिण्यासारखं काही नव्हतं.

आकडा नव्हता, साखळी नव्हती. मी झाकणाच्या कडेला दोन्ही हात घातले आणि जोर लावला. बिजागरी कण्हली. झाकण गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत, मग मी त्याच्याखाली शिरून ते डोक्याच्या वर नेलं. हात थरथरायला लागले. वकिलाचं खरं होतं. हे कोणाच्या एका हाताचं काम नव्हतं.

आत काय आहे ते दिसेना. मी वाकले. खाली हिरवं पाणी, त्यात माझं तोंड आणि मागे आकाशाचा तुकडा. भिंतीला आतून कुठे खाच आहे का, कुठे अडकवायची खिटी आहे का, म्हणून मी टाकीच्या काठाला धरून आणखी खाली वाकले. चांगलं निरखून बघितलं. काही नव्हतं.

मग मला कळलं की माझे दोन्ही हात टाकीच्या काठावर आहेत.

झाकण माझ्या डोक्यावर होतं. जिथे मी सोडलं तिथेच, थोडं थरथरत, कोणी दमून धरलेलं असावं तसं. रेडिओ चालूच होता. माझ्या अगदी जवळून कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, ओझं उचललेल्या माणसाचा. मी स्वतःला सांगितलं, तो तुझाच आहे. मी माझा श्वास रोखून बघितला.

तो थांबला नाही.

मी वर बघितलं नाही. ह्यांचं मला त्या क्षणी समजलं. तशीच सरकत मागे आले, उठले आणि फाटकाकडे चालत सुटले, धावलेसुद्धा नाही. फाटकाला हात लावला तेव्हा मागे झाकण धाडकन पडलं.

बिजागरी गंजलेली आहे, मध्येच अडकली असेल. तसंच असणार. घरी येऊन मी हात धुतले. दोन्ही तळव्यांवर आडवा गंजाचा डाग होता. लोखंडाला हात लावला होता, डाग पडणारच. मी लिंबू चोळलं, मीठ चोळलं. गंजाचा ताजा डाग त्याने जातो. माझा जन्म डागांत गेलाय, ताजा कोणता आणि मुरलेला कोणता हे मला हाताला कळतं. हा मुरलेला होता. वर्षानुवर्षांचा.

७

साहेबांची खोली मला वाटली होती तशी भयंकर नव्हती. खिडकीला स्वच्छ पडदे होते, माझी नजर आधी तिथेच गेली. टेबलावर चहा आला. हे माझ्या शेजारच्या खुर्चीत उजवा हात पोटाशी धरून बसले होते.

"आधी मी बोलणार," मी म्हटलं. "ह्यांना काही विचारायच्या आधी."

"बोला ना, वहिनी. मी ऐकतोय."

आणि खरंच ऐकलं त्यांनी. इतक्या वर्षांत माझं कोणी असं ऐकलं नव्हतं. मध्ये तोंड घातलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. मी सांगितलं, सभागृहाचा पडदा आला होता, खालच्या कडेला चिखल होता, मी वर धरला होता आणि हे खाली बसले होते.

"जड होता?"

"खूप. हात भरून आले. आणि थंड."

"पडदा थंड होता?"

मी थांबले. "थंड म्हणाले का मी?"

"आत्ताच म्हणालात. ओला होता का?"

"नाही. फक्त कड ओली होती. वरून कोरडा होता." मी आठवायला लागले. पडद्याचा रंग आठवेना. आयुष्यभर तो मला आठवत होता, आणि आता रंग आठवेना. हाताला काय लागत होतं ते मात्र आठवत होतं. "थंड होता. आणि कड टोचत होती तळव्यांना. धार होती तिला."

"कापडाला धार?"

ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गार, ओला. "अगं, चल घरी," हे म्हणाले.

"थांबा हो, नीट सांगू द्या मला," मी म्हटलं. कारण मला नीट सांगायचंच होतं. जितकं नीट सांगेन तितके हे वाचणार होते. "तुम्ही विचारा, साहेब."

"हे तुमच्या समोर होते की खाली?"

"खाली. गुडघ्यांवर."

"उजवा हात?"

"पाण्यात. कोपरापर्यंत."

"ऊन होतं?"

दुकानात ऊन येत नाही. पण ऊन होतं. कुठेतरी रेडिओ चालू होता. "होतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

हे तर मला पाठ होतं. "मी म्हटलं, आटपा लवकर, माझ्याच्याने धरवत नाही."

माझंच वाक्य माझ्या कानांनी मी पहिल्यांदा ऐकलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी मायेने, घरच्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "वहिनी, तुमच्याकडूनच झालं का?"

मी आयुष्यभर या प्रश्नाला नाही म्हणत आले. माझ्याइतकं ठासून नाही म्हणणारं या गावात कोणी नाही. मी कॉलर उलटी करून लोकांना खुणा दाखवल्या आहेत. मी तोंड उघडलं, नाही म्हणायलाच उघडलं, आणि माझी मान आपोआप थोडी खाली गेली.

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडूनच झालं असेल."

खुर्ची मागे पडली. हे उभे राहिले होते. "नाही!" हे ओरडले. "नाही साहेब, नाही! ती नव्हती तिथे!"

आमच्या संसारात ह्यांनी कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. किती चांगला खणखणीत आवाज होता ह्यांचा. मला वाईट वाटलं, की हा माणूस असं ओरडू शकत होता आणि त्याला कोणी शिकवलं नाही.

साहेब ह्यांच्याकडे बघून हसले. त्या हसण्यात राग नव्हता, हातातलं काम संपल्याचं समाधान होतं. "त्या तिथे नव्हत्या, हे तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुम्ही होतात."

मग खाली वाकून हे खुर्ची सरळ करायला लागले, आणि फरशीवर पाण्याचा ओघळ माझ्या पायापर्यंत आला. शेवाळाचा वास सगळ्या खोलीत भरला होता. साहेबांना तो येत नसावा. ते लिहायला लागले होते.

"वहिनी," ते मान वर न करता म्हणाले, "सही करायची आहे इथे." मग त्यांनी वर बघितलं. "हात खाली घ्या."

माझे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले होते. कधी गेले ते मला कळलं नव्हतं. खांदे फाटत होते, तळव्यांत धार रुतत होती, आणि मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, सकाळी ऐकला होता तोच.

"हात खाली घ्या, वहिनी," साहेब पुन्हा म्हणाले.

मी घेतले नाहीत. खाली ह्यांचा हात अजून पाण्यातच होता, आणि मी सोडलं असतं तर झाकण त्याच्यावर पडलं असतं.